फुंकरीतून कळणारी सूज : फेनो चाचणीचा आकडा कसा वाचायचा?

फेनो चाचणीचे नाव काढले की आमच्याकडचे रुग्ण हमखास विचारतात, "डॉक्टर, थर्टी फर्स्टला घाटात पोलीस तोंडाला लावतात, तसलंच मशीन का?" प्रश्न चुकीचा नाही. दोन्ही यंत्रे श्वासातला एक ठरावीक पदार्थ मोजतात. पोलिसांचे यंत्र दारूची वाफ मोजते, फेनोचे यंत्र नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू मोजते. फरक असा की पोलिसांच्या आकड्यावर पावती फाटते, पण फेनोच्या एकट्या आकड्यावर कोणताही निर्णय घेता येत नाही. घेतला तर काय होते, ते मी माझ्याच दवाखान्यात पाहिले आहे.

मी पोलादपूर भागात जनरल प्रॅक्टिस करतो. आंबेनळी घाटातल्या आणि घाटाखालच्या वाड्यांमधून दम्याचे, धापेचे, जुन्या खोकल्याचे रुग्ण येतात. त्यांतले काही पुण्या-मुंबईच्या छातीरोगतज्ज्ञांकडे जाऊन येतात आणि परत येताना फाइलमध्ये एक छोटीशी चिठ्ठी असते : फेनो, अमुक इतके पीपीबी. घरचे लोक ती चिठ्ठी साखरेच्या रिपोर्टसारखी वाचतात. आकडा कमी म्हणजे छान, जास्त म्हणजे वाईट. फेनोचे तसे नाही, आणि या लेखात मला मुख्यतः तेवढेच समजावून सांगायचे आहे.

एकाच घरातले दोन आकडे

ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगतो. घाटातल्या एका घरात ६२ वर्षांच्या आजी आणि ११ वर्षांचा नातू, दोघांनाही खोकला आणि धाप. दोघांत मिळून एकच पंप. ज्याला त्रास होईल त्याने दोन झटके घ्यायचे, अशी घरची पद्धत. मी दोघांनाही पुण्याला तपासणीसाठी पाठवले. नातवाचा फेनो ६८ आला, आजींचा १३.

रिपोर्ट घेऊन मुलगा माझ्याकडे आला तेव्हा ओपीडी भरलेली होती. मी आजींच्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणालो, "हा आकडा नॉर्मल आहे," आणि नातवाच्या औषधांकडे वळलो. पुढच्या पानावर आजींची स्पायरोमेट्री होती. अपेक्षित ताकदीच्या जेमतेम ४५ टक्के फुप्फुस काम करत होते. ते पान मी पाहिले, औषध लिहून दिले, पण त्या पानाचा अर्थ घरच्यांना सांगितला नाही. घरी गेलेला निरोप एवढाच : आजी नॉर्मल, पोराला मोठा आजार.

जुलैमध्ये आजींचा पंप संपला. नॉर्मल आहे म्हटल्यावर नवा कोण आणणार? त्यातच दरड आली आणि रस्ता बंद झाला. दोन दिवसांनी एकेरी वाहतूक सुरू झाल्यावर त्यांना जीपमधून आणले, तेव्हा ओठ निळसर होते आणि एक शब्द बोलायला दोन श्वास लागत होते. ऑक्सिजन, नेब्युलायझर, इंजेक्शन, मग महाडला रवानगी. त्या वाचल्या. पण "नॉर्मल" हा एक शब्द मी किती सहज वापरला, याचा हिशेब मला तेव्हा लागला.

नातवाचे काय झाले? त्याला रोजचा स्टिरॉइडचा पंप स्पेसरमधून सुरू केला. तो त्या पावसाळ्यात एकदाही दवाखान्यात भरती झाला नाही. मोठा आकडा असलेला मुलगा घरी धडधाकट आणि छोटा आकडा असलेली आजी ऑक्सिजनवर. हे उलटे का झाले, ते समजायला हा वायू कुठून येतो ते पाहू.

श्वासात नायट्रिक ऑक्साइड येतो कुठून?

नायट्रिक ऑक्साइड आपले शरीर स्वतः बनवते. रक्तवाहिन्या सैल करण्याचे काम तो करतो, आणि या शोधासाठी १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले. (दाताच्या दवाखान्यात वापरतात तो हसवणारा वायू वेगळा. तो नायट्रस ऑक्साइड.) निरोगी माणसाच्या उच्छ्वासातही नायट्रिक ऑक्साइड असतो, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दाखवले. दमेकऱ्यांच्या श्वासात तो जास्त असतो, हे त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत स्वीडन आणि लंडनमधून समोर आले.

जास्त का असतो? दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सूज असते. सूज म्हणजे पाय सुजतो तशी बाहेरून दिसणारी नव्हे. डोळा चोळून चोळून लाल होतो, पाणी येते, खाज सुटते, तसा प्रकार नळीच्या आत चाललेला असतो. एक्स-रेमध्ये तो दिसत नाही, म्हणूनच "एक्स-रे क्लिअर आहे मग दमा कसा?" हा प्रश्न वारंवार येतो. या सुजेचे अनेक प्रकार आहेत. त्यांतला एक ॲलर्जीच्या वळणाचा. त्यात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात आणि त्या सुजेतले रासायनिक निरोप्ये अस्तराच्या पेशींना जादा नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतात. डॉक्टर या प्रकाराला टाइप २ सूज म्हणतात. फेनोचे यंत्र फक्त हीच सूज "ऐकते". बाकीच्या सुजांना ते बहिरे आहे.

आणि याच प्रकारच्या सुजेवर स्टिरॉइडचा पंप उत्तम चालतो. स्टिरॉइड पोहोचले की जादा वायू बनवण्याचे काम मंदावते आणि आकडा उतरतो. म्हणजे फेनो सांगतो ते असे : या माणसाच्या नळ्यांत ॲलर्जीची सूज चालू आहे का, आणि स्टिरॉइडच्या पंपाने तिला फायदा होण्याची शक्यता किती. फुप्फुसात किती दम शिल्लक आहे, नळ्या किती आवळल्या आहेत, हे तो सांगत नाही. ते काम स्पायरोमेट्रीचे.

आजींच्या नळ्या ४० वर्षांच्या चुलीच्या धुराने आवळल्या होत्या. धुराच्या सुजेत बहुधा वेगळ्या पेशी असतात, त्या हा वायू फारसा वाढवत नाहीत. म्हणून त्यांचा आकडा १३. तो खरा होता, फक्त त्यांच्या आजाराबद्दल नव्हता.

चाचणी कशी होते?

सोपी आहे. सुई नाही, रक्त नाही, दुखत नाही. खुर्चीत ताठ बसायचे, फुप्फुसे रिकामी करायची, मग यंत्राच्या नळीतून छातीभर श्वास आत घ्यायचा. (आत येणारी हवा गाळलेली असते, कारण बाहेरच्या हवेतही, विशेषतः गाड्यांच्या धुरात, हा वायू असतो.) लगेच त्याच नळीत सावकाश, एकसारखी फुंकर मारायची. मोठ्यांनी साधारण १० सेकंद, लहान मुलांनी ६ सेकंद. पडद्यावर ढग किंवा फुगा दिसतो, तो दोन रेषांच्या मध्ये तरंगत ठेवायचा. एक-दोन मिनिटांत आकडा येतो.

लोक चुकतात ते इथे : जोर लावतात. आमच्या माणसांना सांगावे लागते की शंख फुंकायचा नाही, गरम चहावर फुंकर घालायची आहे. फुंकरीचा वेग सेकंदाला ५० मिलिलिटर ठरलेला आहे. वेग वाढला तर वायू पातळ होतो आणि आकडा खोटाच कमी येतो. यंत्राला मुद्दाम थोडा अडथळा ठेवलेला असतो, त्यामुळे फुंकताना टाळूचा मागचा पडदा नाकाचा रस्ता बंद करतो. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत हा वायू भरपूर असतो. तो मिसळला तर आकडा विनाकारण फुगेल. पाच वर्षांखालच्या बहुतेक मुलांना ही फुंकर जमत नाही, त्यांच्यासाठी आग्रह धरू नका.

स्पायरोमेट्रीत मात्र याच्या अगदी उलट, पूर्ण जोर लावून फुंकायचे असते. दोन्ही एकाच दिवशी असतील तर आधी फेनो, मग स्पायरोमेट्री. जोरात फुंकल्याने फेनो काही काळ खाली जातो.

चाचणीआधी एक तास काही खाऊ-पिऊ नका, विडी-सिगारेट नको, घाईने जिने चढून येऊ नका. पालक, माठ, मुळा, बीट यांची भाजी किंवा कोशिंबीर त्या दिवशी आधी खाल्लेली नसावी. त्यांतल्या नायट्रेटमुळे आकडा वाढतो. सर्दी-ताप असेल तर सांगा, जमल्यास बरे झाल्यावर या. आणि सर्वांत महत्त्वाचे, कोणता पंप किती दिवस घेत आहात ते खरेखुरे सांगा. चाचणीसाठी पंप स्वतःहून बंद करू नका. बंद ठेवायचा का, हे पाठवणारे डॉक्टर सांगतील.

आकड्याचा अर्थ

पीपीबी म्हणजे श्वासातल्या १०० कोटी भागांत या वायूचे किती भाग. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०११ मध्ये दिलेल्या पट्ट्या आजही सर्वत्र वापरतात. मोठ्या माणसात २५ च्या खाली कमी, २५ ते ५० मधला, ५० च्या वर जास्त. बारा वर्षांखालच्या मुलांत २० च्या खाली कमी, २० ते ३५ मधला, ३५ च्या वर जास्त. रिपोर्टवर "कमी" असे लिहिलेले असते, "नॉर्मल" असे नव्हे. मी जो घोळ घातला तो या दोन शब्दांच्या मधला आहे.

*आकडा जास्त आला तर.* दम्यासारखी लक्षणे असतील, म्हणजे पहाटे खोकला, छातीत शिट्टी, हवा बदलली की धाप, आणि आकडा ५० च्या वर असेल, तर दमा असण्याची शक्यता बळावते. ब्रिटनमध्ये २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा मोठ्या माणसात दम्याचे निदान पक्के धरायला हा आकडा पुरेसा मानतात. पण लक्षणे नसताना नुसता आकडा जास्त असेल तर तो दमा नव्हे. सतत शिंका, नाक चोंदणे, अंगावर ॲलर्जीचे चट्टे असणाऱ्यांचा फेनो दमा नसतानाही वाढलेला असू शकतो.

दमा आधीच माहीत आहे, औषध चालू आहे, तरी आकडा जास्त? अशा वेळी मी औषध वाढवण्याआधी पंप समोर काढायला लावतो. निम्म्या वेळा उत्तर तिथेच मिळते. पंप झाकण न काढता दाबलेला, किंवा झटका तोंडातच राहिलेला आणि श्वास आत घेतलेलाच नाही, किंवा बरे वाटले म्हणून महिनाभर कपाटात. काही केंद्रांत रुग्णाला आठवडाभर कोणाच्या तरी देखरेखीखाली पंप घ्यायला लावतात. आकडा धाडकन उतरला तर समजायचे की औषध बरोबर होते, ते पोटात... नव्हे, छातीत जात नव्हते. सासूबाईंना किंवा आईला "घेतेस ना गं रोज?" असे दहा वेळा विचारण्यापेक्षा हे बरे. पंप बरोबर घेऊनही आकडा चढाच असेल तर घरात काय आहे ते शोधावे लागते : ओल, बुरशी, कोंबड्यांची खुराडी, जुनी गोधडी.

*आकडा कमी आला तर.* इथे चार-पाच वेगवेगळी माणसे एकाच आकड्यात बसतात. एक, ज्याला दमा आहे आणि पंप नियमित चालला आहे. त्याचा आकडा कमी आहे तो पंपामुळेच. त्याने पंप सोडला तर सूज परत येते. दोन, विडी-सिगारेट ओढणारा. धूम्रपानाने फेनो खाली दबतो, त्यामुळे दमा असूनही आकडा गरीब दिसतो. तीन, सीओपीडीचे रुग्ण, म्हणजे आमच्या आजी. चार, ज्यांचा दमा ॲलर्जीच्या वळणाचा नाही, उदाहरणार्थ काही स्थूल व्यक्तींचा. आणि पाच, ज्यांची धाप फुप्फुसाच्या नळ्यांची नाहीच : हृदयाची झडप आवळलेली तरुण बाई, रक्त ६ ग्रॅमवर आलेली बाळंतीण, क्षयाचा रुग्ण. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी आधी करा. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. फेनो कमी आला म्हणून क्षय नाही, असे कधीच म्हणता येत नाही.

*मधला आकडा* अनेकांचा येतो आणि त्यावरून एकट्याने काही ठरत नाही. लक्षणे, स्पायरोमेट्री आणि पुढची फेनो यांच्या जोडीने तो वाचायचा.

दोन चाचण्यांची तुलना करताना दोन-चार अंकांच्या फरकाने घाबरू नका. आधीचा आकडा ५० च्या आत असेल तर १० हून जास्त फरक, आणि ५० च्या वर असेल तर २० टक्क्यांहून जास्त फरक खरा धरतात. ३१ चा ३६ झाला म्हणजे आजार वाढला असे नाही.

चूल, धूर आणि न ऐकू येणारी सूज

भारतात २०१६ साली सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी आणि पावणेचार कोटींहून अधिक लोकांना दमा असल्याचा अंदाज आहे. सीओपीडी म्हणजे सिगारेटवाल्यांचा आजार ही समजूत बरीच वर्षे होती. २००९ मध्ये पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला आणि जळणाचा धूर हे त्याचे मोठे कारण जगापुढे मांडले. गंमत म्हणजे दमेकऱ्यांच्या श्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजून १९९४ मध्ये त्याच नियतकालिकात लिहिणाऱ्या गटातही हेच बार्न्स होते. एकाच माणसाने हे दोन्ही विषय हाताळले. आमच्या फायलींत मात्र ते दोन्ही गोंधळून एकमेकांत मिसळतात.

आमच्याकडे गॅस घरोघरी आला आहे, हे खरे. पण आंघोळीचे पाणी, भाकरी, जनावरांचे आंबोण यांसाठी चूल पेटतेच. पावसाळ्यात सरपण ओले, दारे-खिडक्या बंद, म्हणजे धूर अधिक. उन्हाळ्यात राब भाजायचे, तो धूर निराळा. ज्या बाईने तीस-चाळीस वर्षे असे काढले आणि जिला चढण चढताना धाप लागते, तिच्यासाठी महत्त्वाची चाचणी स्पायरोमेट्री. फेनो तिच्यात एका प्रश्नापुरता उपयोगी : सीओपीडीच्या जोडीला दम्याचाही अंश आहे का? आकडा बराच वर असेल तर स्टिरॉइडच्या पंपाचा विचार होतो. कमी असेल तर नळ्या सैल करणाऱ्या पंपांवर भर राहतो. ते पंप तिला रोज, कायम लागतात. आकडा कमी आहे हे पंप बंद करण्याचे कारण कधीच नाही.

महाडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या काही तरुणांचा प्रश्न वेगळा असतो. कामाच्या दिवशी खोकला आणि छाती भरते, रविवारी किंवा गावी गेले की बरे वाटते. असे असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा. यात एका दिवसाच्या फेनोपेक्षा कामाचे आणि सुट्टीचे असे काही आठवड्यांचे पीक फ्लोचे आकडे जास्त बोलके असतात.

फेनोचे यंत्र जवळ नसेल तर?

तालुक्याच्या ठिकाणी ते सहसा नसते. त्यासाठी महाबळेश्वरमार्गे किंवा ताम्हिणीमार्गे पुणे गाठायचे, गाडीभाडे, एक दिवसाची मजुरी बुडणे, हा खर्च चाचणीपेक्षा मोठा. प्रत्येक दमेकऱ्याने तो करावा असे मला वाटत नाही. जगभर दम्याचे बहुतेक रुग्ण फेनोशिवाय उत्तम सांभाळले जातात.

त्याऐवजी दोन गोष्टी इथेच होतात. पहिली, पीक फ्लो मीटर. प्लॅस्टिकची नळी, वीज लागत नाही, कित्येक वर्षे टिकते. सकाळ-संध्याकाळ तीनदा जोरात फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा, दोन आठवडे. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतला रोजचा फरक सरासरी १० टक्क्यांहून जास्त असेल (मुलांत १३), तर नळ्या कमी-जास्त आवळत आहेत, म्हणजे दम्याकडे बोट जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांचे आकडे सवय नसल्याने वेडेवाकडे येतात, ते मनावर घेऊ नका.

दुसरी, साधी सीबीसी. तिच्यात इओसिनोफिलची टक्केवारी असते. एकूण पांढऱ्या पेशी ८००० आणि इओसिनोफिल ५ टक्के असतील तर संख्या झाली ४००. ब्रिटनच्या त्याच सूचनांमध्ये फेनोला पर्याय म्हणून ही तपासणी दिली आहे. एक मेख आहे : पोटात जंत असले तरी ही संख्या वाढते, आणि शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत जंत काही दुर्मीळ नाहीत. म्हणून मी आधी जंताचे औषध देतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजतो.

मग फेनोसाठी शहरात कोणी जावे? ज्यांचे निदानच अडले आहे. ज्यांना पंप नीट घेऊनही वर्षात दोन-तीनदा भरती व्हावे लागते. ज्यांना दम्याची नवी, महागडी इंजेक्शने सुचवली आहेत, कारण त्यांतले कोणते चालेल हे ठरवताना फेनो आणि इओसिनोफिल दोन्ही पाहतात. आणि ज्या मुलांचा वारंवारचा खोकला नेमका कशाचा हे कळत नाही. फेनो पाहून उपचार बदलत गेल्यास दम्याचे झटके कमी होतात असे अभ्यासांतून दिसले आहे. रोजच्या त्रासात मात्र त्याने फार फरक पडत नाही, हेही त्याच अभ्यासांत दिसले.

श्वासातून आजार ओळखण्याच्या आणखीही पद्धती चाचपून पाहिल्या जात आहेत. उच्छ्वास थंड करून त्याचे पाणी जमवायचे आणि त्यातली आम्लता किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायचे, किंवा "इलेक्ट्रॉनिक नाका"ने श्वासाचा वास ओळखायचा. हे सगळे अजून संशोधनाच्या टेबलावर आहे. "एका फुंकरीत सर्व आजार" अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशातच ठेवा.

घाट बंद होण्याआधी

२२ जुलै २०२१ चा पाऊस इथे कोणी विसरलेले नाही. महाडात पाणी शिरले, डोंगरावरच्या वाड्यांवर दरडी आल्या. पाणी ओसरल्यावर भिंतींत ओल राहते, ओलीवर बुरशी धरते आणि बुरशीने दमा भडकतो. ज्या घरात दमेकरी आहे त्याने ओली गादी, भिजलेला पेंढा, बुरशी धरलेले कपडे उन्हात टाकताना ते काम दमेकऱ्याला देऊ नये.

आंबेनळीत दर पावसाळ्यात रस्ता अधूनमधून बंद पडतो, कधी तासभर, कधी कित्येक दिवस. म्हणून मे महिन्यातच एकदा डॉक्टरांकडे या आणि पंप दाखवा. आकडा दाखवणारा पंप असेल तर किती झटके उरले ते पाहा. नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावर पेनने लिहा. हलवून आवाज आला म्हणजे औषध आहे, असे समजू नका. आत नुसता वायूही उरलेला असू शकतो. जून ते सप्टेंबर घरात किमान दोन महिन्यांचा रोजचा पंप आणि एक जादा झटपट आरामाचा पंप ठेवा. घरात दोन रुग्ण असतील तर दोघांचे पंप वेगळे, त्यावर नावे वेगळी. स्पेसर मात्र लहान मुलाला हवाच, आणि म्हाताऱ्या माणसालाही त्याने सोपे जाते. भारंगीची भाजी पहिल्या पावसात आमच्याकडे आवडीने खातात आणि ती दम्याला चांगली असे जुने लोक सांगतात. खुशाल खा, पंपाच्या जागी नको.

दम्याचा झटका आला आणि रस्ता बंद असेल तर ताठ बसवा, आडवे करू नका. झटपट आरामाचा पंप स्पेसरमधून, एका वेळी एक झटका, असे चार ते दहा झटके द्या. गरज पडली तर दर २० मिनिटांनी तेच पुन्हा, पहिला तासभर. दरम्यान १०८ ला फोन करा आणि रस्ता कुठे बंद आहे ते सांगा, म्हणजे गाडी दुसऱ्या बाजूने येऊ शकेल का ते पाहता येते. पूर्ण वाक्य बोलता येत नसेल, ओठ किंवा नखे निळी पडत असतील, माणूस गुंगीत जात असेल, किंवा आधी घरघर होती आणि आता छाती अचानक शांत झाली असेल, तर झटक्यांची वाट पाहत बसू नका. पंप देत देतच निघा. निघताना फाइल सोबत घ्या, आणि फेनोच्या चिठ्ठीच्या आधी स्पायरोमेट्रीचे पान वर ठेवा.